होडीखालून सांगितलेले नाव

पहिली आली ती छत्री. माघाचे ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि खाडी ओलांडून माणसे आणणाऱ्या तरीच्या बाजूने वाळूवरून एक काळी छत्री चालत आली. छत्रीखाली कारकून आहे हे ती कुंपणाला अडकली तेव्हा दिसले. त्याच्या मागून कोटातले एक गृहस्थ, वहाणा हातात धरून. आणि सर्वांच्या मागून भागुबाई, ओरडत, "नीरे, ए नीरे! सरकार आलाय गो! तुझ्या दारात आलाय, माझ्या न्हाय!" पन्नास वर्षांत ती माझ्याशी एवढे लांब वाक्य बोलली नव्हती, म्हणून मी हातातले बोंबील टाकून उठले.

तुळशीराम मास्तर म्हणतात, मृत्युपत्र असे सुरू होत नाही. आधी आपण कोण ते सांगायचे, छत्री नंतर. बरे.

मी नीराबाई, भ्रतार अंबाजी तांडेल, जात कोळी, धंदा मासळी सुकवणे व विकणे, वय त्रेसष्ट किंवा पासष्ट. (माझ्या जन्माच्या वर्षी रेवदंड्याच्या खाडीत देवमासा लागला होता असे आई सांगे. तो कोणत्या साली लागला ते सरकारने बघून घ्यावे.) राहणार मौजे मोतीबंदर ऊर्फ उपडीहोडी, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. माझे डोके ठिकाणावर आहे. दात पाच आहेत, पण दातांचा कागदाशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फसवलेले नाही, मी माझ्या खुशीने लिहिते आहे, आणि इतक्या खुशीने मी लग्नातसुद्धा नव्हते.

दप्तरात गावाचे नाव मोतीबंदर आहे, म्हणून ते आधी लिहावे लागते, नाहीतर कागद चालत नाही, असे मास्तर म्हणाले. ते लिहिताना मी दोनदा टाक खाली ठेवला. मास्तरांना वाटले वयाने. खरे कारण कलम पाचवे.

अक्षर माझेच आहे. अंबाजीने मला होडीच्या फळीवर कोळशाने अक्षरे शिकवली. चुकले की पाणी मारून पुसायचे. म्हणून माझे अक्षर फळीला शोभेल एवढे मोठे आहे आणि मास्तरांच्या वहीची पाने संपत आली आहेत. रागावू नका, मास्तर. वहीचे कलम मी शेवटी घालते.

कलम पहिले. घर, पडवी आणि मागचे सात माड माझा मुलगा सदा याला. सातवा माड वाकडा आहे आणि शेजाऱ्याच्या अंगणात नारळ टाकतो. ते नारळ शेजाऱ्याचेच. मी तीस वर्षे भांडून पाहिले, माड ऐकत नाही.

कलम दुसरे. मासळीची पाटी, विळी आणि मिठाचा मोठा रांजण सून केसर हिला. केसर, विळीला धार तू लावू नको, तुझ्याकडून पाते वाकते. हे मी तुला तोंडावर कधी बोलले नाही, कारण तू माझ्या आजारपणात माझे पाय चेपलेस. आता लिहिलेच आहे तर वाच.

कलम तिसरे. गळ्यातली सोन्याची पोत नात काशी हिला, पण एका अटीवर. गावाचे नाव कसे पडले ती गोष्ट तिने न अडखळता सांगायची आणि तिच्या मुलांना सांगायची. गोष्ट पाठ नाही तर पोत नाही. दोन्ही एकाच गळ्यात राहिल्या पाहिजेत.

कलम चौथे. पाहुणे कशाला आले ते.

कोटातले गृहस्थ म्हणजे अलिबागचे दिघे. आपल्या जिल्ह्यातल्या बारक्या बारक्या गावांची नावे, जी ऐकून परका माणूस हसतो, ती कशी पडली हे ते वहीत उतरवून घेतात. असा धंदा असतो हे मला ठाऊकच नव्हते! मी त्यांना पाट दिला, पाणी दिले, सुकट भाजून देते म्हटले तर नको म्हणाले. म्हटले, "काय काय जमवलंत ते तर सांगा." त्यांनी वही उघडली. नऊदारे या गावात म्हणे एक घर होते, नऊ जावा, प्रत्येकीला स्वतःचे दार पाहिजे होते. ते बरोबर आहे, माझी मावससासू त्यातल्या सहाव्या दाराची. पण चुकलेवाडीचे त्यांनी लिहिले होते की तिथे कोणाची गाय चुकली. मी उठूनच उभी राहिले.

"गाय नव्हे हो! वरात!"

हरिहरेश्वराकडे निघालेली वरात धुक्यात भलत्याच किनाऱ्याला लागली. मुलीची आजी वाळूवर बसली आणि म्हणाली, आता इथून मी हलायची नाही, लावायचे तर लग्न इथेच लावा. लावले. आजी उठली नाही ती नाहीच, तिच्यामुळे वाडी वसली. दिघ्यांनी गाय खोडली आणि वरात लिहिली. माझ्या बोलण्यावरून पुस्तकातली गाय गेली! मी भागुबाईकडे बघितले. ती कुडाला टेकून उभी होती आणि तिलाही हसू आले होते, पण तिने ते पदराने पुसले.

मग कारकुनाने छत्री मिटली आणि मोठे दप्तर उघडले. म्हणाला, "आजी, या गावाला दोन नावं चालतात. कागदावर मोतीबंदर, तोंडात उपडीहोडी. तरीवर पाटी लावायची आहे, तिच्यावर एकच नाव मावतं. गावाने जमून हरकत घेतली तर बदलू. नाहीतर मोतीबंदर कायम."

दिघ्यांनी विचारले, "पण मोती नाहीत, बंदर नाही. हे नाव दिलं तरी कोणी?"

"ते सगळ्यांना ठाऊक हाय," भागुबाई म्हणाली आणि उंबऱ्यावरून उतरून चालू लागली.

मला तिथेच सांगायचे होते. शपथेवर लिहिते, शब्द दातांपर्यंत आला होता. पण माणसे समुद्रावर, गावात आम्ही म्हाताऱ्या आणि कोंबड्या. ही गोष्ट कोंबड्यांना सांगून भागणार नव्हते. म्हणून मी पाहुण्यांना म्हटले, होळीला सगळ्या होड्या घरी येतात, तेव्हा या. ते कबूल झाले. पाहुणे गेल्यावर लक्षात आले की होळीपर्यंत माझे काय सांगावे, गेल्या पावसाळ्यात मी दोनदा जाता जाता राहिले. म्हणून हा कागद.

दुसऱ्या दिवशी सदा भरतीबरोबर आला, त्याला पाटीचे सांगितले. तो जाळे झटकत म्हणाला, "कायम होऊ दे की आये. उपडीहोडी म्हटलं की बाहेरचे पोरी द्यायला बघत न्हायत." सदा, माझ्या बापालाही असेच वाटले होते. त्याचेच पुढे सांगते.

कलम पाचवे. हे नीट वाचावे, दोनदा वाचावे.

मी तेरा वर्षांची असताना मला या गावात दिले. कोळ्याच्या मनात उपडी होडी म्हणजे बुडालेली होडी. बाप म्हणाला, असल्या नावाच्या गावात मुलगी कशी द्यायची? आईने समजूत घातली. माहेरच्या मुली मात्र माझ्यामागून ओरडत होत्या, "नीरी चालली उपडी!" मी त्या हाकेने रडत आले, सासरच्या धाकाने नव्हे.

आता आमच्या गावची रीत. नवी नवरी आली की पहिल्या दिवशी किनाऱ्यावर दोन लाकडांवर एक होडी उपडी ठेवतात. नवरीने उजाडल्यापासून त्या होडीखाली बसायचे, तिथेच भाकरी खायची, आणि होड्या परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणी तिच्याशी बोलायचे नाही. संध्याकाळी सासू खाली वाकून येते, शेजारी बसते आणि गावाची गोष्ट सांगते. मग नवरी गावची झाली.

मी बसले. माणसे समुद्रावर, बायका बाजाराला. दुपारी वाळूवर बूट वाजले. मोजणीवाले आले होते, साखळी ओढत. सगळी घरे बंद बघून त्यांच्यातला एक होडीपाशी आला. त्याला माझे पाय दिसले असावेत. तो खाली वाकला. त्याची मिशी आणि एक डोळा तेवढा मला दिसला.

"कोण आहे? या गावाचं नाव काय?"

आणि मी बोलले. रीत मोडून बोलले, आणि खोटे बोलले. माझ्या तोंडातून उपडीहोडी निघेना. मी म्हटले, "मोतीबंदर."

"काय?"

"मोतीबंदर!" अजून मोठ्याने. कुठून आले ते नाव मला माहीत नाही. मला फक्त एवढे हवे होते की माहेरच्या मुलींनी ते ऐकावे.

त्याने लिहून घेतले. पुढे खाडीच्या तोंडाशी त्यांना भागोजी भेटला. भागोजी म्हणजे भागुबाईचा नवरा, तेव्हा गावकीचा मोठा. "कागदावर निशाणी कर, गावाची मोजणी झाली," एवढेच त्याला सांगितले. लिहिता न येणाऱ्या कोळ्याने वल्हे काढायचे अशी आमच्यात पद्धत. त्याने मोतीबंदर या नावाखाली सरळ, सुरेख वल्हे काढून दिले.

संध्याकाळी सासू होडीखाली आली आणि तिने मला गोष्ट सांगितली. जनी आणि बुधाजी नवराबायको, हबसाणातून, म्हणजे जंजिऱ्याकडून निघालेले, आगोटीच्या, पावसाच्या तोंडच्या वादळात डोलकाठी मोडून इथे लागले. तेव्हा इथे केवड्याशिवाय काही नव्हते. जनीचे दिवस भरत आलेले. त्यांनी होडी ओढून वर आणली, उपडी केली आणि चार महिने तिच्याखाली काढले. तिथेच जनी बाळंत झाली. मुलगा झाला, त्याच्यापासून आम्ही सगळे. सासू म्हणाली, "समुद्रात उपडी झालेली होडी माणसं खाते. आमची जमिनीवर उपडी झाली, तिनं माणसं राखली. हे आमचं पहिलं घर, पोरी. नाव विचारलं तर मान वर करून सांग." त्या होडीच्या तळाची फळी आमच्या दारावर बसवली आहे, घर पडले तरी ती पडू देत नाहीत.

मास्तर, अर्धा दिवस! सासू अर्धा दिवस आधी आली असती तर मी नाव मान वर करून सांगितले असते. गोष्ट ऐकून मी एवढी रडले की सासूला वाटले सून फार मायाळू आहे. ती मरेपर्यंत सगळ्यांना तेच सांगत होती.

पुढच्या वर्षी मजा सुरू झाली. बंदर पाहायला जकातीचा माणूस आला. त्याला बावीस झोपड्या आणि एक कुत्रा दिसला. मुंबईहून एक गुजराती शेटजी आला, सुकटीच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, "मोती क्यां छे?" नाव कोणी दिले याची चौकशी झाली, अलिबागेहून कागद आला, आणि कागदावर भागोजीचे वल्हे. गावकी बसली. भागोजी म्हणाला, "मला न्हाय ठाव. त्यांनी सांगितलं निशाणी कर, मी केली." कोणी ऐकले नाही. मोठेपणासाठी जनीचे नाव विकले म्हणाले. नारळी पुनवेला गावाच्या वतीने सोन्याचा नारळ, म्हणजे सोनेरी कागद लावलेला पहिला नारळ, समुद्राला देण्याचा मान त्याच्या घराण्याचा होता. तो काढून घेतला आणि ज्याच्या दारावर जनीची फळी त्याला दिला. म्हणजे माझ्या अंबाजीला.

मी चौदा वर्षांची होते. मी बोलले नाही. नवरीने होडीखाली तोंड उघडले हे कळले असते तर मला माहेरी धाडले असते, ही भीती होती. नंतर भीती गेली, पण अंबाजी नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला की इतका उंच दिसायचा! नंतर अंबाजीच्या जागी सदा उभा राहू लागला. आणि दर वर्षी बोंबील वाळत घालायच्या वलांडीमागे भागोजी उभा असायचा. गर्दीत यायचा नाही, घरीही बसायचा नाही. नारळ पाण्यात पडला की हात जोडायचा आणि जायचा. मेला त्या वर्षीसुद्धा आला होता. दर वर्षी मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले, आणि भागुबाई मला गर्विष्ठ म्हणत राहिली. मी गर्विष्ठ नव्हते. मला तिकडे बघवत नव्हते.

तर हे लिहून देते की गावाचे खोटे नाव मी दिले. भागोजीने दिले नाही.

कलम सहावे. सोन्याच्या नारळाचा मान भागोजीचा मुलगा येसाजी याला व त्याच्या घराण्याला. जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येते का, असे मी मास्तरांना विचारले. ते म्हणाले, परत करते असे लिहा. परत करते. सदा, तू रागावशील. तुझा हात त्या नारळाला शोभतो हे मलाही दिसते. पण तो चोरीचा नारळ आहे आणि चोर तुझी आई आहे. यंदाच्या पुनवेला तू येसाजीच्या मागे उभा राहा, वलांडीमागे नको, पाण्यात, जवळ.

कलम सातवे. पाटीवर उपडीहोडी लिहावे. कोणी हसले तर त्याला काशीकडे पाठवावे.

कलम आठवे. माझ्या पेटीतली कोरी वही मास्तरांना. मीठ लागून थोडी फुगली आहे.

पुरवणी.

साक्षीला भागुबाई पाहिजे असा माझाच हट्ट. मास्तर तिला घेऊन आले. मी म्हटले, "अंगठा तेवढा कर, भागुबाय. वाचायला वेळ लागंल."

ती म्हणाली, "न वाचता निशाणी करून आमच्या घरानं एकदा भोगलंय. मास्तर, वाचा."

मास्तरांनी वाचले. भागुबाई खाली बसून माझ्याच सुपातल्या सुकटीतले खडे निवडत होती. होडी आली, मिशी आली, तिचा हात थांबला.

"ते परत वाचा."

परत वाचले.

"तू होतीस?"

"मी होते."

"माझा दादला वलांडीमागं उभा राहून मेला, नीरे."

"व्हय."

"तुला मुक्यानं बसायचं होतं ना गो? मंग तोंड उघडलंस कशाला?"

मी खरे ते सांगितले. "त्यानं वाकून विचारलं. लग्न ठरल्यापासून मला कोणी काय विचारलंच न्हवतं."

तिने सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर फेकला. मास्तर चष्मा पुसत बसले. मग ती म्हणाली, "मोतीबंदर! अगो, मोती बघितला तरी होतास का तू?"

"न्हाय."

"आणि बंदर?"

"तेबी न्हाय."

तिला हसू आले, आणि हसता हसता ती रडायला लागली, आणि मग तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या मास्तरांनी लिहू दिल्या नाहीत. मला बरे वाटले. पन्नास वर्षे त्या माझ्या नावाने पडून होत्या.

डोळे पुसून ती म्हणाली, "पण असं चालायचं न्हाय. तू मेल्यावर हे वाचणार? मेलेलीशी मी भांडू कशी? होळीला सगळा गाव येईल, ते छत्रीवालं येईल. तवा तू उभं राहून सांगायचं, तुझ्या तोंडानं. माझा येसाजी पुढं उभा राहील. कबूल असंल तर निशाणी करते."

मी म्हटले, "आणि त्याआधी मेले तर?"

"मरून तर बघ," भागुबाई म्हणाली.

तेव्हा ही अट मला मान्य आहे. मृत्युपत्र पेटीत राहील. सदा उद्या समुद्रावरून येईल. त्याला मी आधी जेवू घालीन, मग सांगेन.

मास्तरांनी शाईची डबी पुढे केली. भागुबाईने अंगठा दिला नाही. टाक मागितला, मुठीत धरला, जीभ बाहेर काढून कागदावर एक वल्हे काढले. सरळ, सुरेख, भागोजी काढायचा तसे.

सही, नीराबाई भ्रतार अंबाजी तांडेल, दस्तुर खुद्द.

साक्ष, तुळशीराम मास्तर, सही.

साक्ष, भागुबाई भ्रतार भागोजी, निशाणी वल्ह्याची.

माघ वद्य द्वितीया, शके अठराशे सत्तावन्न. मुक्काम उपडीहोडी. (मास्तर, इथे दुसरे नाव मी लिहिणार नाही.)

पाहुणे होळीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या तरीने येतो म्हणाले आहेत.